दगड फोडायची हातोडी

माय,

तुझ्या नावावर मी एक खोटं खपवलं होतं, आणि परवा आपल्या चिखल्यात, तुझ्या जुन्या जोडीदारणीच्या ओसरीवर, ते मीच फोडलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल भातात दोनदा मीठ पडलं. फोन वाजला की छातीत धस्स होतं, आणि नाही वाजला तर जास्तच होतं. आज सकाळी दव वाळल्यावर दहा-बारा गोकर्णीची फुलं खुडून आणली, कपड्यावर मांडली, तुझी हातोडी उचलली, तर पहिलाच टोला असा जोरात बसला की निळा रंग पाकळीबाहेर पसरला आणि फुलाच्या जागी शाई सांडल्यासारखा डाग उरला. मग तो कपडा बाजूला सारला आणि नातीची वही ओढली. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं हे माझ्या लक्षात आहे. दुसऱ्या कोणी तुला वाचून दाखवावं असं यात काही नाही, म्हणून तेही बरंच आहे. आणि मी अशी शाळेतल्यासारखी बोलायला लागले म्हणून हसू नकोस. वही पुढे आली की माझी भाषा आपोआप इस्त्रीचे कपडे घालते, त्याला मी काय करू?

आधी हे काम काय ते सांगते, नाहीतर म्हणशील पोरगी म्हातारपणी खुळी झाली. ताजं फूल कपड्यावर पालथं ठेवायचं, त्यावर पातळ कागद, आणि वरून हातोडीनं हळूहळू ठोकायचं, आधी कडांनी, मग मध्ये. पाकळीतला रस कपड्यात उतरतो आणि फूल शिरांसकट जसंच्या तसं उमटतं. कपडा आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवून घ्यावा लागतो, म्हणजे तो रंग धरतो. झेंडू अख्खा चालत नाही, पाकळ्या सुट्या करून एकेक मांडावी लागते. पावसाळ्यात सागाची कोवळी पानं लाल उतरतात. आठवतं, ती तळहातावर चोळून मेंदी लावली म्हणून मी मिरवायचे आणि तू ओरडायचीस? हे सगळं मला सुनेच्या मोबाइलनं शिकवलं. दोन वर्षांमागं गुडघा धरला, भाताच्या रोवण्याला जाणं सुटलं, आणि घरात बसून मी सुनेच्या कामात दिवसभर खोट काढायला लागले. तेव्हा तिनं मोबाइल माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, आई, हे बघा, तुम्हाला जमेल. म्हणजे माझ्या मागं लागू नका, हे मला कळलं. मी कधी कोणाचं ऐकते? पण हे ऐकलं. घरात हातोडी एकच होती, तू गेल्यावर आणून दाराआड ठेवलेली, तुझी. आणि गंमत बघ, मोबाइलमधली शिकवणारी बाई जे सांगून सांगून दमत होती ते माझ्या हाताला आधीच येत होतं. मनगट ढिलं सोड, हातोडीला तिचं वजन आहे, तू कायले जोर लावतेस, हे तूच मला सांगितलं होतंस. पहिलंच फूल असं उमटलं की शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या.

एवढ्यावर थांबले असते तर आज सुखानं दोन घास खाल्ले असते. पण भंडाऱ्याला बचतगटांचं प्रदर्शन लागलं. आमच्या गटानं पापड आणि लाखोळीची डाळ मांडली, आणि एका कोपऱ्यात माझे फुलांचे दुपट्टे. तिथं नागपूरच्या एक ताई आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांसाठी त्याच माल निवडतात म्हणे, त्यामुळे सगळे त्यांच्या मागं-पुढं. शेजारच्या दुकानात कोशाचं रेशमी कापड विणणाऱ्यांनी त्यांना नुकतंच सांगितलं होतं की हे काम आमच्या पणज्यापासून चालत आलं आहे, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. काकू, ही कला तुमच्याकडे कोणापासून आली? मोबाइलपासून हा शब्द ओठांवर आला होता. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. माझ्या मायकडून, म्हटलं. ती पण फुलंच ठोकायची, ही हातोडी तिचीच आहे. हातोडी तुझी हे खरं होतं ना, त्यामुळे त्याच्या आधीचंही खरंच वाटलं. त्यांना वाटलंच, क्षणभर मलाही वाटलं.

मग काय, एक खोटं बोललं की त्याला खायला-प्यायला घालावं लागतं. ताईंचा फोन यायचा आणि मी तुझ्या अंगणात मोगरा लावायची, तुला पहाटे फुलं वेचायला पाठवायची. तुझ्या अंगणात एक तुळस होती माय, तिची पानंही धुळीनं काळी असायची. ताईंनी दुपट्ट्यांना लावायच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या: मायलेकींची पिढीजात फूलछपाई. नागपूरच्या मोठ्या प्रदर्शनात आमच्या अख्ख्या गटाला जागा मिळणार असं ठरलं, तेव्हा गटातल्या बायकांनी मला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. मी हसत होते आणि आतून माझी पाचावर धारण बसली होती. सासरी अड्याळमध्ये तुला ओळखणारं आता कोणी उरलं नाही, इथं काही धोका नाही, असं मी मनाला समजावत होते. पण तू खरं काय करायचीस ते तर मला माहीत होतं. झेंडूची एकेक पाकळी मांडताना ते दिसायचंच.

चिखल्याच्या मँगनीज खदानीबाहेर एका ठेकेदाराचं आवार आहे. दगडांचे ढीग, आणि ढिगांपाशी ओळीनं बसलेल्या बाया. तू एक पाय दुमडून, एक पसरून बसली आहेस, पाठीला पाठ लावून तुझी जोडीदारीण, ती मावशी. डाव्या हातात दगड, उजव्या हातात आखूड दांड्याची हातोडी. एकच टोला, दगड दुभंगतो, काळा जड माल टोपलीत जातो, पांढरट हलका कचरा मागे. तू धड बघतही नाहीस, हातात वजन घेतेस आणि फेकतेस. मी दहाएक वर्षांची असेन, तुझा डबा घेऊन आले आहे. तू हात धुवायला जातेस. माझ्या डोक्यात येतं की टोपली लवकर भरली तर माय लवकर घरी येईल. मी मागचे पांढरे दगड उचलते, थुंकी लावून त्यांना खालची काळी भुकटी चोळते, चांगले काळेकुट्ट करते आणि टोपलीत तळाशी दडवते. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटतं. संध्याकाळी माल तपासणारा येतो, तळातला एक दगड उचलतो, हातात तोलतो आणि तुझी अख्खी टोपली उलटी करतो. मी मावशीच्या मागं लपले आहे. माझ्याकडे न बघता तू म्हणतेस, माही नजर चुकली साहेब.

घरी आल्यावर तू मला मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी विसरले असते. तू माझे डोळे मिटायला लावलेस, एका हातात खरा दगड दिलास, दुसऱ्या हातात माझा काळा केलेला.

"सांग, कोन्ता खरा?"

मी जड हात वर केला.

"आंधळ्यालेबी समजते. मंग तू कोनाले फसवून राहिली?"

खोट्याच्या कपाळी गोटा, असं पुटपुटत तू चूल पेटवायला बसलीस, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस. मला मात्र गेले वर्षभर ताईंचा फोन आला की डावा हात हलका आणि उजवा जड वाटायचा.

मग पंधरा दिवसांपूर्वी ताई म्हणाल्या, काकू, आपण तुमच्या आईच्या गावी जाऊ, त्यांना फुलं छापताना पाहिलेलं एखादं म्हातारं माणूस असेल ना, त्यांना बोलतं करू, मोबाइलवर घेऊ. तिथंच खरं सांगून मोकळी झाले असते, पण नाही, मला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले, तुमसरला गाडी बदलून चिखल्याला उतरले आणि मावशीच्या दारात उभी राहिले. मावशी ऐंशीच्या पुढं गेली आहे. मोतीबिंदू काढलाय, कान शाबूत आहेत. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. वाटलं, आता झडझडून शिव्या घालेल. ती हसली. म्हणाली, सांगतो ना, त्यात काय व, तुही माय फुलं ठोके म्हनून सांगतो, मीबी ठोकत होतो म्हनून सांगतो. तुह्यासाठी एवढं नाई करणार? मग चहा ओतता ओतता थांबली.

"पन मंग दगड कोनं फोडले म्हनू?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती, पाठ करायचं तर नीट करावं म्हणून. मी म्हटलं, मावशी, दगडाचं कोणी विचारणार नाही. आणि परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मला माझ्याच त्या उत्तराची शिसारी आली. तुझं सगळं आयुष्य ज्यात गेलं त्याबद्दल मी म्हटलं होतं, कोणी विचारणार नाही. तुझ्या जागी मी एक बरी दिसणारी, मोगऱ्यातली बाई आणून बसवली होती, आणि आता दोघी मिळून तुला कायमची उठवणार होतो. पण तरीही मी ताईंना फोन केला नाही. गटाच्या बायकांचे चेहरे डोळ्यांपुढे यायचे. खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त माझी स्वतःची फजिती दिसायची.

परवा ताई गाडी घेऊन आल्या. मी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात फुलं घेतली होती. रस्ताभर दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघत होते की कोमेजली तर नाहीत, आणि त्या म्हणत होत्या, काकू, किती जीव आहे तुमचा फुलांवर. मावशी नवं लुगडं नेसून ओसरीवर तयार बसली होती. ताईंनी चित्रण करायला मोबाइल एका उभ्या काडीवर लावला. मी पाटावर कपडा पसरून एक गोकर्ण ठोकून दाखवली. मग मावशी सुरू झाली आणि माझा जीव टांगणीला लागला. काय बोलली ती, काय बोलली! तुझ्यासंगं रानात जाऊन फुलं आणली, तुला गोकर्ण लई आवडे, तू गौरीच्या सणाला घरोघरी कपडे छापून द्यायचीस. मी शिकवलं नव्हतं तेही तिनं वरून घातलं. ताई खूश. म्हणाल्या, आजी, तुम्ही एक करून दाखवा ना. मी घाईनं म्हटलं, नको, त्यांचे हात दुखतात. तोवर मावशीनं हातोडी उचललीही होती. दांड्यावरून अंगठा फिरवून म्हणाली, हे तिचीच हाय.

आणि ती बसली. एक पाय दुमडून, एक पसरून. मी समजले. कित्येक वर्षांत ती अशी बसली नसेल, पण हातोडी हातात आल्याबरोबर अंगानं आपली जागा घेतली. तिनं डाव्या हातात फूल घेतलं आणि ते तोललं. माय, तिनं त्या एवढ्याशा फुलाचं वजन केलं. मग ते कपड्यावर ठेवलं आणि एक टोला घातला, एकच. पाटाला उभी चीर गेली, कपड्याला भोक पडलं, फुलाचा चेंदा झाला, आणि मावशीच्या हनुवटीवर निळा ठिपका उडाला. ती आमच्याकडे बघायला लागली, आपलं काय चुकलं ते न कळून.

ताईंना काही कळलं नव्हतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, असू द्या आजी, पुन्हा घेऊ, जरा हळू मारा. म्हणजे अजूनही निभावलं असतं. मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरे होतं. मावशी मुकाट्यानं दुसरं फूल घ्यायला वाकली आणि मला तिचा हात दिसला. इतकी वर्षं झाली तरी बोटांच्या भेगांत ते काळं तसंच आहे. तो हात डब्यातल्या फुलांकडे घाबरत घाबरत जात होता. मला ते बघवलं नाही.

"ताई, माझी माय फुलं ठोकत नव्हती. दगड फोडत होती. ही मावशी पण. हातोडी दगडाची आहे."

पुढचं मग भराभरा आलं, मोबाइलचं, सुनेचं, मोगऱ्याचं. ताईंनी मोबाइल काडीवरून काढून पर्समध्ये ठेवला. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. एवढंच म्हणाल्या की चिठ्ठ्या छापून झाल्यात काकू, आणि मग, तुम्ही खोटं का सांगितलंत? मी ताठ मानेनं उत्तर दिलं, गटाच्या भल्यासाठी. निघताना मावशीनं मला दाराआड ओढलं. वाटलं, आता रडते की काय. तर कानाशी लागून म्हणाली, बरं केलं व, मले ते फुलायचे नावं पाठ होत नोहते. परतीच्या वाटेवर ताई खिडकीबाहेर बघत होत्या. कापणी झालेली धानाची बांधी, रचलेले भाऱ्यांचे पुंजणे, तेच ते. अड्याळला मला सोडताना म्हणाल्या, विचार करून कळवते.

अजून कळवलं नाही. गटाची अध्यक्षीण काल येऊन गेली, चहाही न घेता उभ्यानंच विचारून गेली की तुले एवढं खरं बोलायले कोनं सांगितलं होतं. सून म्हणाली, आई, झाकली मूठ झाकलीच ठेवायची. मग तीच जरा वेळानं येऊन म्हणाली, तुमच्या आई खरंच एका टोल्यात दगड फोडायच्या? मी म्हटलं हो. म्हणाली, मला कधी सांगितलं नाहीत. आता नागपूरची जागा गेली तर बायका माझ्याशी बोलणार नाहीत, आणि त्यांचं काही चूकही नाही. त्यांनी वर्षभर मेहनत केली आहे, मी खोटं बोलले, आणि खरंही बोलले ते त्यांना न विचारता. फोन समोरच ठेवला आहे. लिहिता लिहिता तीनदा उचलून बघितला.

हे पान मी कोणाला दाखवणार नाही. ठोकताना कपड्याखाली जुन्या कागदांची गादी घालावी लागते, त्यात हेही जाईल. वरून रस झिरपला की अक्षरं लागणार नाहीत. पण त्याआधी एक राहिलं आहे. ताईंनी कारण विचारलं तेव्हा गटाच्या भल्यासाठी असं मी म्हणाले ना, ते पण खोटंच. दुपट्टे आजचे आहेत, गट आजचा आहे. मी तुझं दगड फोडणं लपवायला फार आधी सुरुवात केली. माझ्या लग्नात, अड्याळची वरात दारात आली तेव्हा, तू राखेनं आणि लिंबानं घासघासून हात धुतले होतेस, तरी भेगांतलं काळं निघालं नव्हतं. मुंडावळ्या बांधलेल्या असतानाच मी तुला आतल्या खोलीत ओढलं आणि म्हटलं, माय, त्या लोकांपुढं हात पदराखाली ठेव. तू बरं म्हणालीस. अक्षता पडताना सगळ्यांचे हात वर झाले, तुझा झाला नाही. पाठवणीला तू माझ्या तोंडावरून हात फिरवलास तोही पदर हातावर ओढून. मला तेव्हा बरं वाटलं होतं.